कुलपाच्या पोटात

तुमच्या घरात एक डबा नक्की असणार. खिळेमोळे, सायकलच्या ब्रेकचे झिजलेले रबर, गंजलेली कात्री, बिनकिल्लीची कुलपं आणि बिनकुलपांच्या किल्ल्या असा सगळा ऐवज ज्यात असतो, तो डबा! आईला तो टाकायचा असतो, बाबा टाकू देत नाहीत. त्या डब्यातलं एखादं जुनं कुलूप हुडकून ठेवा. त्याच्या पोटात काय दडलंय ते आज मी तुम्हाला सांगणार आहे. आम्ही नुकतंच एक कुलूप फाडून पाहिलं. म्हणजे कागदासारखं नव्हे, बेडकासारखं!

आमची शाळा राजूरजवळच्या एका वाडीत. राजूर म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या) अकोले तालुक्यातलं डोंगरातलं बाजाराचं गाव. इथून पुढे भंडारदऱ्याचं धरण, रतनगड आणि महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई. साहजिकच पाऊस आमच्याकडे मुक्कामालाच येतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत लोक ढगाकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि आम्ही कपडे कधी वाळतील याची काळजी करत असतो. अशा हवेत लोखंडाची काय दशा होते ते सांगायला नको.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट. नवी पाठ्यपुस्तकं सामानाच्या खोलीत ठेवलेली. मुलं पुस्तकांसाठी आतुर. बाहेर पाऊस धो धो, आणि खोलीच्या कोपऱ्यात छत गळतं हे आम्हाला गेल्या वर्षीपासून ठाऊक! मी किल्ली घातली, तर ती अर्धी जाऊन अडली. फिरवली, फिरेना. तेल झालं, फुंकर झाली, "बाई, मी बघू का?" असं म्हणणारे दहा जण झाले. शेवटी कुणीतरी दगड घेऊन आला. तेवढ्यात सुचलं म्हणून बरं, राजूरच्या किल्लीवाल्याला बोलावणं धाडलं.

किल्लीवाले काका आले, त्यांनी किल्लीच्या भोकात डोळा लावून पाहिलं आणि हसले. एक जाड सुई घेऊन त्यांनी आतून चक्क माती उकरून काढली! वाळलेली, घट्ट माती. कुलपात माती कुणी भरली? मुलांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं. पण चोर वेगळाच होता. कुंभारीण माशी! चिखलाची घरटी बांधणारी ही माशी तुम्ही पाहिली असेल. तिला असली आयती भोकं फार आवडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुलूप नुसतं लटकत होतं, तेव्हा तिनं त्यात आपलं बिऱ्हाड थाटलं होतं.

माती निघाल्यावर काकांनी रॉकेलचे चार थेंब सोडले, कुलपावर लाकडाच्या ठोकळ्यानं टकटक केलं आणि किल्ली हलक्या हातानं मागेपुढे केली. खट्‌! कडी सुटली. पुस्तकं बाहेर आली. वरचा गठ्ठा थोडा ओलावला होता, बाकी सगळी कोरडी. काका म्हणाले, "बाई, याचा आता भरवसा नाही. आत गंजलंय. नवीन घ्या."

नवीन कुलूप आलं. जुनं मी टेबलावर ठेवलं. त्यावर इंग्रजीत कोरलं होतं, '६ लिव्हर्स'. चौथीतल्या एका मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, "बाई, कुलपाला पण लिव्हर असतं? आमच्या आजोबांचं लिव्हर खराब झालंय."

झालं! आता कुलूप उघडणं भागच होतं.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. पोटातलं लिव्हर म्हणजे यकृत. कुलपातला लिव्हर म्हणजे तरफ. एका टोकाला टेकू असलेली आणि दुसऱ्या बाजूनं उचलता येणारी पट्टी. विहिरीवरचा रहाट, अडकित्ता, सी-सॉ यांच्याबरोबर विज्ञानाच्या पुस्तकात जी येते तीच ती, फक्त बोटाच्या पेराएवढी.

कुलपाला स्क्रू नव्हते. दोन्ही बाजूंचे पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे डोकं ठोकून चपटं केलेल्या खिळ्यांनी, जखडलेले होते. ती डोकी कानशीनं घासून काढायला दोन तासिका गेल्या. हे काम मी केलं. तुम्ही करताना ते एखाद्या मोठ्या माणसाकडूनच करून घ्या. आणि एक ध्यानात ठेवा, वरचा पत्रा उचकटताना चेहरा लांब ठेवायचा. आतल्या स्प्रिंगा वर्षानुवर्षं दबून बसलेल्या असतात. सुटका झाली की टुणकन उडतात आणि डोळ्यात जाऊ शकतात. आम्ही कुलपावर पातळ फडकं टाकून पत्रा उचलला, तरी एक स्प्रिंग उडालीच. ती अजून सापडलेली नाही.

आणखी एक युक्ती. टेबलावर पांढरा कागद पसरा. प्रत्येक भाग काढण्याआधी तो जिथे जसा बसलाय तसं त्याचं चित्र काढा, त्याला आकडा द्या, आणि भाग त्या आकड्यावर ठेवा. आम्ही पहिल्या दोन भागांना हे केलं नाही. मग ते सुलटे होते की उलटे, यावर अर्धा तास भांडण!

पत्रा निघाला आणि तपकिरी भुकटी सांडली. गंज. त्याखाली पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक, चवडीसारख्या. सगळ्यांच्या एका टोकाला भोक आणि त्यातून गेलेली एकच पिन. हाच टेकू. प्रत्येक पट्टीला आपापली बारीक स्प्रिंग, तिला खाली दाबून धरणारी. पट्ट्यांच्या तळाशी लोखंडाची एक जाड खिटी. ही खिटी सरकते आणि कुलपाच्या कडीच्या खाचेत जाऊन बसते. बसली की कुलूप लागलं, मागे सरकली की उघडलं. म्हणजे सगळं गुपित एवढंच, की खिटीला मागे सरकू द्यायचं की नाही. आणि ते ठरवतात या पट्ट्या.

कसं ते नीट बघा, इथेच खरी गंमत आहे. खिटीवर एक छोटी खुंटी उभी असते. प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक खिडकी कापलेली असते. खिडकी कशी? शेजारीशेजारी दोन खोल्या आणि मधल्या भिंतीत एक अरुंद दार, अशी. कुलूप लागलेलं असतं तेव्हा खुंटी पहिल्या खोलीत असते. तिला दुसऱ्या खोलीत जायचंय. तिथे गेली की तिच्याबरोबर खिटीही मागे येणार. पण दार असतं तिच्या डोक्यापेक्षा खाली, समोर भिंत. पट्टी वर उचलली की दारही वर सरकतं. बरोब्बर खुंटीच्या समोर आलं की वाट मोकळी.

एकच पट्टी असती तर काम सोपं होतं. पण पट्ट्या अनेक आणि खुंटी त्या सगळ्यांच्या खोल्यांमधून आरपार उभी. प्रत्येकीचं दार वेगळ्या उंचीवर. जिचं दार जास्त खाली, तिला जास्त उचलायला हवं. जिचं थोडं खाली, तिला थोडंच. आता तुमची किल्ली हातात घ्या. तिच्या पात्यावर पायऱ्यापायऱ्या दिसतात ना? त्यातली प्रत्येक पायरी एकेका पट्टीसाठी. उंच पायरी आपल्या पट्टीला जास्त उचलते, बुटकी कमी. किल्ली फिरली की सगळ्या पट्ट्या आपापल्या मापानं वर येतात, सगळी दारं क्षणभर एका ओळीत उभी राहतात, आणि किल्लीची उरलेली एक पायरी खिटीला मागे ढकलते. खट्‌!

आता आमची किल्ली का चालली नाही ते कळलं? भोकाच्या तळाशी माती होती, म्हणून किल्ली पूर्ण आत गेली नाही. म्हणजे पहिल्या पट्टीची पायरी भलत्याच पट्टीखाली. सगळी वरात चुकली! त्यात एक पट्टी गंजानं शेजारणीला चिकटलेली.

हे सगळं मी फळ्यावर समजावत होते, तर एका मुलाचं लक्षच नाही. तो पट्ट्या मोजत होता. पुन्हापुन्हा. मग म्हणाला, "बाई, चारच आहेत."

आम्ही सगळ्यांनी मोजल्या. खिडकी असलेल्या, स्प्रिंग असलेल्या पट्ट्या चार. उरलेले दोन नुसतेच पत्रे, जागा भरायला घातलेले. ना खिडकी, ना स्प्रिंग! वर मात्र '६ लिव्हर्स'. वर्ग एकदम चिडला. एक जण म्हणाला, "किल्लीच्या पायऱ्या मोजल्या असत्या तर दुकानातच कळलं असतं." खरंच की! किल्लीला पाचच पायऱ्या होत्या, चार पट्ट्यांच्या आणि एक खिटीची. (शेजारच्या दोन पायऱ्या सारख्या उंचीच्या असल्या तर मात्र मोजताना फसायला होतं, हेही सांगून ठेवते.) मी स्वतः ते कुलूप कित्येक वर्षं लावत होते, मला कधी सुचलं नव्हतं.

चार काय आणि सहा काय, फरक कितीसा पडतो? गणित करू. समजा, प्रत्येक पट्टीचं दार चारपैकी एका उंचीवर असू शकतं. एक पट्टी असेल तर किल्ल्या ४ प्रकारच्या. दोन असतील तर ४ गुणिले ४, म्हणजे १६. तीन पट्ट्यांना ६४, चारांना २५६. आणि सहा पट्ट्यांना? ४०९६! सगळ्या पायऱ्या सारख्या असलेल्या किल्ल्या कारखानदार वापरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी होतो. पण दोन पट्ट्या गेल्या आणि किल्ल्या सोळा पटींनी कमी झाल्या, हे काही लहान नुकसान नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचे वडील शाळेत आले. चेहरा गंभीर. म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण पोरांना कुलपं उघडायला शिकवताय म्हणे. आमचं पोरगं काल रात्री कपाटाच्या कुलपात तार घालून बसलं होतं. उद्या गावात काही इकडचं तिकडं झालं, तर नाव कुणाचं यायचं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यांची भीती काही खोटी नव्हती.

हाच प्रश्न दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लंडनमध्ये फार गाजला होता. लिव्हरचं कुलूप इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यानं १७७८ मध्ये काढलं. त्याआधीच्या कुलपांत किल्लीच्या वाटेत नुसते आडवे अडथळे असत. ते चुकवणारी एक बारीक किल्ली घासली की एका किल्लीनं दहा कुलपं उघडायची. आपण हिला गुरुकिल्ली म्हणतो. (परीक्षेच्या मार्गदर्शकांना ते नाव कुणी दिलं असेल?) बॅरनच्या कुलपात पट्टी कमी उचलूनही चालत नसे आणि जास्त उचलूनही. दार खुंटीच्या वर निघून गेलं की पुन्हा भिंतच!

मग १८१७ मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत चोरी झाली. सरकारनं न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावलं. जेरेमाया चब यानं १८१८ मध्ये तसं कुलूप केलं. त्यात आणखी एक मजा होती. कुणी चुकीच्या किल्लीनं पट्टी जास्त उचलली, की ती वरच अडकून बसायची. मग मालकाच्या खऱ्या किल्लीनंही कुलूप लगेच उघडत नसे, आणि मालकाला कळायचं, 'अरे, कुणीतरी हात लावलाय!' हे कुलूप तुरुंगातल्या एका कैद्याला दिलं. तो मूळचा कुलूपवालाच. उघडलंस तर शिक्षा माफ, वर शंभर पौंड! दोनतीन महिने झटून त्यानं हात टेकले.

१८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्यानं लोकांसमोर चबचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं. दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षं पैजेवर ठेवलेलं ब्रामा कंपनीचं दुसऱ्या जातीचं कुलूपही त्यानं उघडलं. त्याला मात्र एक्कावन्न तास लागले, कित्येक दिवसांत मिळून. लंडनचे लोक हादरले. काहींनी ओरड केली, असली विद्या चारचौघांत दाखवायची कशाला? चोर शिकतील! हॉब्जचं म्हणणं असं, की चोरांना ती आपल्याआधीच येते. माहीत नसतं ते भाबड्या मालकांना. कुलपाचा दोष झाकून ठेवला तर फायदा चोराचाच. आणि झालंही तसंच. त्यानंतर कुलपं करणारे जागे झाले आणि कुलपं सुधारली.

आमच्या 'सहा लिव्हर'च्या कुलपाचा विचार केलात तर हॉब्जचं म्हणणं तुम्हाला पटेल. ते उघडून पाहिलं नसतं, तर आम्ही आणखी दहा वर्षं निर्धास्त राहिलो असतो.

आपल्याकडची गोष्ट त्याहून मला आवडते. मुंबईत अर्देशिर गोदरेज नावाचे एक तरुण वकील होते. एका खटल्यासाठी ते आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर गेले. तिथे आपल्या बाजूची गोष्ट खरी असल्याची पूर्ण खात्री नसताना ती खरी म्हणून मांडायची वेळ आली. त्यांनी नकार दिला, आणि वकिलीच सोडली. मुंबईला परत येऊन त्यांनी डॉक्टरांची शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. ती चांगली होती, पण घेणाऱ्याला त्यांवर भारतात बनल्याचा छाप नको होता. अर्देशिर म्हणाले, छाप राहणार! तो धंदा बुडाला. मग त्यांनी वर्तमानपत्रात मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचली, आणि १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. खोटं न बोलणारा माणूस कुलपं करायला लागला, हे मुलांना सांगितलं तर एक जण म्हणाला, "म्हणजे सहा लिहिलं तर सहाच घालणार!"

पुढे १९५१ मध्ये देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बारा लाखांहून जास्त मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येकीला बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च परवडेना. तेव्हा कारखान्यातले एक कामगार, नथालाल पांचाळ, यांनी पेटीच्या आतच बसणारी कुलपाची रचना सुचवली. लाखो लोकांची मतं या आतल्या कुलपाच्या भरवशावर राहिली.

त्या वडिलांना मी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मध्येच म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात शिंगणापूर आहे की. तिथं घरांना दारंच नाहीत." खरंय. शनिशिंगणापुरात घरांना दार-कुलूप न लावण्याची रीत फार जुनी. २०११ मध्ये तिथे एका बँकेनं बिनकुलपाची म्हणून शाखा उघडली, तेव्हा सगळ्या देशात तिची बातमी झाली. "पण ते शिंगणापूर आहे," ते म्हणाले, "आपण कुलूप लावतो, तर पोरांना तार घालू द्यायची नाही."

तेव्हा आमच्या वर्गात एक नियम झाला. मुलांनीच तो फळ्याच्या कडेला लिहिलाय. दाराला, पेटीला, कपाटाला लटकत असलेल्या कुलपाला हात लावायचा नाही. मालकानं "घे, फाड" असं तोंडानं म्हटलं असेल तेच कुलूप उघडायचं. तुम्हीही हा नियम पाळा. पालकांनाही सांगते, मुलांना असं एक जुनं कुलूप देऊन टाका. हातात एक आलं, की कपाटाचं सोडतात. आमच्याकडे तरी तसं झालं.

कुलूप मिळालंच नाही, तर पुठ्ठ्याचं करा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या सारख्या तीन पट्ट्या कापा, एका टोकाला टाचणीनं एकत्र टोचा, प्रत्येकीला दोन खोल्यांची खिडकी कापा. खोल्या तिन्ही पट्ट्यांत सारख्या, दारं मात्र तीन उंचींवर. रबरबँडची स्प्रिंग, काडेपेटीच्या काडीची खुंटी. किल्लीही पुठ्ठ्याचीच, पायऱ्या पट्ट्यांच्या मापानं कापलेली. आमचं पहिलं पुठ्ठ्याचं कुलूप कुठल्याही किल्लीनं उघडत होतं, कारण दारं फार रुंद झाली होती. दार जेवढं अरुंद तेवढं कुलूप पक्कं, हे त्यावरूनच कळलं.

आणि हो, कुलपात खोबरेल तेल घालू नका. आमच्याकडे सगळे घालतात. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते ना? कुलपाच्या आतलंही तेल घट्ट होतं, धूळ धरतं, आणि पट्ट्या एकमेकींना चिकटतात. त्यापेक्षा शिसपेन्सिलीचं शिसं घासून त्याची बारीक पूड करा आणि किल्लीला लावून ती दोनचार वेळा आतबाहेर करा. ही पूड कोरडी असते, पट्ट्या तिच्यावरून सहज घसरतात. सुट्टीला जाताना किल्लीच्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, कुंभारीण आत जाणार नाही.

पंधरा दिवसांनी ते वडील पुन्हा आले. पिशवीतून त्यांनी एक मोठं, काळं पडलेलं पितळी कुलूप काढलं. त्यांच्या आईच्या पेटाऱ्याचं. किल्ली कधीच हरवली होती, कोयंडा कापून पेटारा उघडला होता आणि कुलूप तसंच राहिलं होतं. "घ्या, फाडा," ते म्हणाले, आणि जाण्याऐवजी मुलांच्या मागे बाकावर बसले.

त्यात लिव्हर पाच निघाले, सगळे खरे. कानशीचे वळ अजून दिसतात, म्हणजे कुणीतरी ते हातानं घासले होते. एक स्प्रिंग मात्र तुटलीय. तुकडा कागदात बांधून ठेवलाय, पुढच्या बाजारी किल्लीवाल्या काकांना दाखवायचाय.